चाकाशी माणूस आहे

१

रविवारची जेवणं आटपली, भांडी घासून पालथी पडली, आणि प्रणिताने अंगणात जाऊन गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. आठ महिने त्या ताडपत्रीला कुणी हात लावलेला नव्हता, निदान तिचा तसा समज होता. खालून निघाली ती वाळकी पानं, मांजरीचा संसार आणि नवऱ्याची वीस वर्षांची पांढरी गाडी. निडी गावात तिला नवऱ्याच्या नावाने 'सुशीलची म्हातारी' म्हणत.

घरात दुसरी म्हातारी होती, ती खरी. प्रणिताच्या सासूबाई, बायजाबाई. त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार पेणला डायलिसिस. शेजारचा सखा आपल्या गाडीतून न्यायचा-आणायचा, पण त्याने पाय मोडून घेतला आणि लग्नसराईत दुसरी गाडी मिळेना. शुक्रवार चुकला. शनिवारी बाईंचा चेहरा सुजला, बसल्या जागी दम लागायला लागला. सोमवार चुकला तर काय होईल, हे डॉक्टरांनी फोनवर आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. त्यात बाईंनी नवीच टूम काढली होती.

"मला नाय जायचं आता. पुरे झालं."

"बरं," असं म्हणून, हीच गाडी स्वतः चालवत न्यायचं ठरवून, प्रणिता शनिवारीच रोह्याला ब्रेक पॅड आणायला गेली होती. दुकान बंद. सायमनकाका बेने इस्राएल, शनिवार पाळतात, दुकान उघडत नाहीत, आख्ख्या रोह्याला ठाऊक आहे, पण काळजीत असलं की माणूस तेवढंच नेमकं विसरतं. मग आज सकाळी परत गेली. काकांनी पॅड दिले, सी क्लॅम्प दिला आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "करशील तू. अकरा वर्षं बघितलंयस त्याचं. फक्त पिस्टन उघडा असताना पायडलला कुणाचा पाय लागू देऊ नको. सगळं बाहेर येईल."

एकाच बाजूचे पॅड घालायचे होते. उजव्या चाकाचे नवे होते, ते सुशीलनेच घातले होते, गेल्या जूनमध्ये, रविवारीच. उजवं झालं, तो पायडल मारून बघायला सीटवर बसला, आणि तिथेच बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं. प्रणिता पाणी घेऊन आली तेव्हा त्याचा पाय ब्रेकवर होता.

२

सुशील डोलवीच्या कंपनीत कंत्राटी फिटर होता. कंपनीचा नियम तो घरीही पाळायचा, आणि त्यावरून त्याची चेष्टा व्हायची. मशीनवर काम सुरू करण्याआधी आपल्या नावाचं लाल कार्ड मशीनला टांगायचं: माणूस कामावर आहे, चालू करू नका. एका मशीनवर चार माणसं असतील तर चार कार्डं. आणि ज्याने टांगलं त्यानेच काढायचं. साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही.

त्या दिवशीचं कार्ड अजून स्टिअरिंगला लटकत होतं. नाव, फोटो, घामाने विटलेली दोरी. माणसाला उचलून नेलं, गाडीवर ताडपत्री टाकली, पण कार्डाला कुणी हात लावला नव्हता.

प्रणिताने दार उघडलं. आतली कोंडलेली हवा अंगावर आली. चाक बाहेरच्या बाजूला वळवायचं तर स्टिअरिंग फिरवायला हवं, आणि कार्ड मध्ये येत होतं. ती जरा थबकली. फोटोतला सुशील नेहमीसारखा, जणू फोटोवाल्यानेच काहीतरी चूक केलीय अशा चेहऱ्याने बघत होता. तिने कार्ड काढलं आणि गाऊनच्या खिशात घातलं. काही झालं नाही. काय होणार होतं?

मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, नट आधी सैल केले, मग जॅक लावला. हे सगळं तिला पाठ होतं. अकरा वर्षं ती सीटवर बसून पायडल मारत आली होती. तो चाकाशी बसून 'दाब' म्हणायचा, ती दाबायची. 'सोड' म्हणाला की सोडायची. मधेच मोबाइल बघितला की तो ओरडायचा.

चाक जमिनीवरून सुटलं. तिने ते हाताने फिरवून बघितलं.

फिरेना.

आठ महिने उभी गाडी, गंज धरला असणार. दोन्ही हातांनी जोर लावला. चाक भिंतीत चिणल्यागत घट्ट. हँडब्रेक तर मागच्या चाकांना असतो, पुढच्याला त्याचं काय? ती कपाळावरचा घाम पुसायला मागे सरली, आणि गाडीतून बारीक आवाज आला. कुईं. टक्. पायडल वर आल्याचा. तो आवाज ती झोपेतही ओळखेल.

चाकाला नुसतं बोट लावलं, तर ते सुरसुर फिरलं.

"आई," तिने हाक मारली, "गाडीत बसलात का तुम्ही?"

"मी हतं हाय," बायजाबाई पडवीतून बोलल्या. त्या मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना वाल खायची बंदी केली होती, सोलायची नाही. "गाडीत मी कशाला बसू?"

३

गंज सुटला. एवढंच. प्रणिताने मनाशी तसं ठरवलं आणि चाक काढून बाजूला ठेवलं.

चाकामागच्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही अंगांनी धरणारा लोखंडी पंजा असतो, तो कॅलिपर. त्याचे दोन बोल्ट सोडवले, पंजा तारेने वर बांधला, जुने पॅड काढले. झिजून पार पत्र्यावर आले होते. हे घेऊन वडखळच्या उतारावर गेलो असतो तर, असा विचार येऊन तिने ते लांब भिरकावून दिले. आता पंजातला पिस्टन मागे ढकलायचा, म्हणजे नव्या जाड पॅडला जागा होईल. तिने सी क्लॅम्प लावला आणि स्क्रू आवळत गेली. पिस्टन गुमान आत गेला. क्लॅम्प काढला, नवा पॅड उचलला.

पिस्टन बाहेर येत होता.

सावकाश. भाताचं झाकण वाफेने उचलावं तसा, जरासा, मग आणखी जरासा. ती बघत राहिली. मग भानावर येऊन क्लॅम्प पुन्हा लावला आणि ढकलला. काढला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर क्लॅम्पचा स्क्रू फिरेचना. पलीकडून कुणी जोर लावत होतं.

हवा असेल पाइपात. तेल तापलं असेल, ऊन काय कमी आहे. तिने एकेक कारण शोधलं आणि एकेक टाकून दिलं, कारण यातलं एकही पिस्टनला असं ढकलत नाही. पिस्टन एकाच गोष्टीने बाहेर येतो. पायडलने.

बघायला हवं होतं. सीटजवळ जाऊन फक्त बघायचं. पण अंगणातून गाडीला वळसा घालून पलीकडे जायला तिला फार वेळ लागला. उजवं दार बंद होतं. काच धुळीने मळलेली. तिने हात आडवा धरून आत डोकावलं.

सीटवर कुणी नव्हतं. पायडल मात्र खाली होतं, पार तळापर्यंत. ती बघत असताना ते सावकाश वर आलं. कुईं. टक्.

आणि स्टिअरिंगला लाल कार्ड लटकत होतं.

प्रणिताने खिशात हात घातला. खिशात रुमाल होता आणि घराची किल्ली.

४

ती पडवीत आली ती तडक बायजाबाईंपुढे बसली. 

"आई, खरं सांगा. कार्ड तुम्ही लावलंत?"

बाईंनी वाल सोलणं थांबवलं. सुजलेल्या बोटांना सालं चिकटली होती. त्यांनी सुनेकडे बघितलं आणि प्रणिताच्या लक्षात आलं की म्हातारीला जराही आश्चर्य वाटलेलं नाही.

"वाजला नं पायडल?" बाई म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत आहे?"

"दिवेलागणीला वाजतो. तू रोह्यावरनं यायच्या आधी. दाबतो नि सोडतो, दाबतो नि सोडतो. पहिल्यांदा वाटलं उंदीर हाय. मंग मी ताडपत्रीपाशी पाट घेऊन बसायला लागले. माझा पोर हाय तो. मला त्याचं काय भ्या?"

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू ताडपत्री काढली असतीस."

प्रणिताला भीती वाटत होती, पण त्या भीतीच्या खालून राग वर आला, आणि तो रागच तिला जास्त खरा वाटला. आठ महिने. आठ महिने ती रोज साडेसातला चष्म्याच्या दुकानातून थकून येते, अंथरुणाच्या त्याच्या बाजूला हात टाकते, तिथे काही नसतं. आणि हा माणूस रोज संध्याकाळी आईला भेटतो.

"म्हणून पेणला जायचं नाही म्हणता?"

बाई पुन्हा वाल सोलायला लागल्या.

"तो मला काम करू देत नाहीये, आई. पिस्टन बाहेर ढकलतोय. मघाशी बोट मध्ये असतं तर गेलं असतं."

"अगो, मुद्दाम नाय करत." बाईंचा आवाज मऊ झाला. "त्याला काय ठावं तू चाकाशी हायस ते? त्याची बायको चाकाशी कदी बसली? तो आपला सीटवर बसलाय, पायडल मारून बघतोय. कंपनीत दुसरा माणूस कामावर हाय ते त्यांना कशानं कळतं?"

 प्रणिता उठली आणि घरात पुठ्ठा शोधायला गेली.

५

बिस्किटाच्या खोक्याचा चौकोन कापला. जाड पेनाने लिहिलं: चाकाशी माणूस आहे. खाली नाव, प्रणिता. वर भोक पाडून सुतळी ओवली. अक्षर वेडंवाकडं आलं.

डाव्या दाराने आत हात घालून तिने तो पुठ्ठा स्टिअरिंगला अडकवला. त्याच्या कार्डाला धक्का लागू नये म्हणून जपून. मग चाकाशी जाऊन उकिडवी बसली आणि वाट बघू लागली. कशाची, ते तिला सांगता आलं नसतं. शेजारच्या वाड्यात कोंबड्या उकरत होत्या. स्टेशनकडून मालगाडी गेली, बराच वेळ जात राहिली.

कुईं. टक्.

क्लॅम्पचा स्क्रू फिरला. पिस्टन आत गेला आणि आतच राहिला.

प्रणिताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला हात स्वच्छ नव्हते, म्हणून तिने तसंच काम केलं. नवे पॅड बसवले, पंजा खाली घेतला, एक बोल्ट लावला. दुसरा बोटांतून निसटला आणि घरंगळत उघड्या दाराखाली गेला.

तो उचलायला ती वाकली. गाल जवळजवळ जमिनीला टेकला. बोल्ट हाताला लागला आणि नजर सहज वर गेली, उघड्या दारातून आत, पलीकडच्या बाजूला, पायडलपाशी.

तिथे पाय होता. उजवा. टाच खाली टेकलेली, चवडा उचलून पायडलच्या अलीकडे अधांतरी धरलेला, कुणी 'दाब' म्हणण्याची वाट बघत असल्यासारखा. अंगठा तिने ओळखला. गेल्या मे महिन्यात त्याच्यावर जॅक पडून नख गेलं होतं. ती रोज तेल-हळद लावायची. तो गेला तेव्हा नवं नख अर्धंच उगवलं होतं.

आता ते पुरतं वाढलेलं होतं. वाढून, नीट कापलेलं होतं.

घोट्याच्या वर बघायचं तिला धाडस झालं नाही. ती तशीच मागे सरकली, बोल्ट जागेवर धरला आणि आवळला. आवळताना दात वाजत होते, तरी तिने बोल्टचे आटे तिरके चढू दिले नाहीत.

६

चाक चढवलं. एक नट, दोन नट, तीन. मागे सपातांचा आवाज झाला. बायजाबाई आंब्याच्या बुंध्याला धरून उभ्या होत्या.

"दिसला?"

"पाय दिसला."

"मला नाय अजून दिसला," बाई म्हणाल्या. "मी नुसतीच ऐकते." त्या आणखी दोन पावलं पुढे आल्या. "प्रणिता, ऐक गो. एक नट सैल ठेव. तेवढा एक. काम अर्धं ऱ्हायलं तर तो जायचा नाय."

चौथा नट प्रणिताच्या हातात होता.

खोटं कशाला बोला, तिच्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं. पॅड बसवतानाच आलं होतं. काम संपलं की कार्ड काढायचं, आणि कार्ड काढलं की माणूस घरी जातो. हा कुठल्या घरी जाईल? इथे निदान पाय तरी होता. तिने उद्यापासून दुकानातून लवकर यायचं म्हटलं असतं, पाट मांडून ताडपत्रीपाशी बसायचं म्हटलं असतं, तर तिला कोण अडवणार होतं? नट तळव्यात गरम झाला होता.

तेव्हा तिला बाईंचा श्वास ऐकू आला. पडवीपासून आंब्यापर्यंत वीस पावलं. तेवढ्याने म्हातारीची छाती भात्यासारखी चालली होती, ओठ काळसर पडले होते. गाडी निघाली नाही तर बाई पेणला जात नाहीत. पेणला गेल्या नाहीत तर आठवडा, फार तर दोन. मग गाडीतून दोघांचे आवाज येतील आणि अंगणात प्रणिता एकटी बसलेली असेल.

"नाही ठेवणार," ती म्हणाली.

"माझा एकुलता एक हाय तो."

"माझाही एकच होता." तिने नट लावला आणि पान्यावर पाय देऊन दाबला. "मला घरात माणूस पाहिजे, आई. आवाज नको. तुम्ही पाहिजे."

 बाई खाली दगड होता त्याच्यावर बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

७

जॅक उतरवला. आता एकच काम उरलं होतं. पॅड नवे घातले की पहिला ब्रेक रिकामा जातो, म्हणून पायडल मारून मारून घट्ट करायचं. हे काम नेहमी सीटवरच्या माणसाचं.

प्रणिता चाकाशी बसली. 

"दाबा," ती म्हणाली.

क्षणभर काहीच नाही. मग, कुईं.

"सोडा."

टक्.

"दाबा. सोडा. दाबा." आवाज हळूहळू बदलत गेला. पोकळ होता तो भरीव झाला. तिला त्याच्यावर ओरडावं लागलं नाही, तो मधेच मोबाइल बघणारा नव्हता. पाचव्या खेपेला पायडल घट्ट झालं, हे तिला बाहेरूनही कळलं.

"सोडा," ती म्हणाली.

टक् आलं नाही.

"सोडा."

बाईंनी तोंडावरचा पदर काढला होता. दोघी ऐकत होत्या. कोंबड्याही गप्प होत्या.

प्रणिताने पत्र्याला कपाळ टेकवलं. पत्रा उन्हाने तापला होता. "झालं हो काम," ती हळू म्हणाली. "दोन्ही बाजू झाल्या. नीट केलंय मी. उद्या आईंना घेऊन जाते. सोडा आता."

कितीतरी वेळाने, कुणी पाय जपून उचलावा तसं ते वर आलं. टक्.

ती उठली. उघड्या दारातून हात घालून आपला पुठ्ठा काढला, फक्त आपला, आणि गाडीकडे पाठ करून उभी राहिली. दोरी सरकल्याचा आवाज झाला. मग उजवं दार उघडल्याचा. लावल्याचा नाही.

वळून बघितलं तेव्हा स्टिअरिंग मोकळं होतं. ती आत जाऊन बसली. सीट मागे सरकवलेली होती, तिचे पाय पुरेनात. सीट पुढे ओढून तिने पायडल दाबलं. घट्ट होतं, अगदी वरच्या वर धरत होतं. असा ब्रेक तिने या गाडीला कधी बघितला नव्हता.

बायजाबाई दाराशी आल्या होत्या. दाराला धरून उभ्या होत्या.

"गेला?"

प्रणिताने मान डोलावली.

बाई सीटकडे, स्टिअरिंगकडे, खाली पायडलकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सुजलेला हात सुनेच्या खांद्यावर ठेवला. हाताला वालाचा वास येत होता.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

"सातला," प्रणिता म्हणाली. "कानाला बांधून घ्या. तुमच्या बाजूची काच पुरती वर होत नाही."